भरताच्या हंगामातलं रॉकेट

जळगावात मेहरूणच्या बाजारात परवा भरताची वांगी आली. हिरवट-पांढरी, तळहातात न मावणारी, देठाला बारीक काटे असलेली. वांगं आकाराने मोठं आणि हाताला हलकं बघून घ्यायचं, जड निघालं तर आत बिया, हे आमच्याकडे पोरींना अक्षरओळखीच्या आधी शिकवतात. मी चार वांगी तोलून पिशवीत टाकली आणि काही कारण नसताना मान वर करून आकाशाकडे पाहिलं. मी पाहिलं म्हणून भाजीवालीनेही पाहिलं. वर काही नाही असं बघून तिने माझ्याकडे पाहिलं आणि सुटे पैसे हातावर ठेवले. तिला काय सांगणार? दरवर्षी ही वांगी हातात आली की मला एक रॉकेट आठवतं. वांग्याचा आणि रॉकेटचा संबंध फक्त आमच्या घरात लागतो.

खानदेशच्या उन्हाळ्याबद्दल जो तो बोलतो. जळगावचं नाव काढलं की पुण्याची माणसं आधी रुमालाने कपाळ पुसतात. आमचा हिवाळा मात्र त्यांना ठाऊक नाही आणि मीही कोणाला सांगत फिरत नाही. कपाशीची शेवटची वेचणी उरकत आलेली असते, पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या बांधावर रचलेल्या असतात, सकाळी केळीच्या पानांवरून दवाचं पाणी टपटपत असतं आणि हवा अशी थांबलेली असते की चुलीचा धूर सरळ काठीसारखा वर जातो. मग कोणाच्या तरी शेतात भरीत ठरतं. काड्या पेटवायच्या, त्यात वांगी लोटायची, सालं काळी ठिक्कर झाली की सोलून लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचायची. हे काम शेतात पुरुषच करतात आणि करताना अंगात आल्यासारखे एकमेकांना हुकूम सोडतात. घरी हेच पुरुष पाण्याचा तांब्या हातात मागतात. आमचे हे तर भरताच्या दिवशी बायकांना चुलीजवळ फिरकू देत नाहीत. मी गुपचूप केळीचं पान पुढे ओढून बसते आणि कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या खाते. माझं काही बिघडत नाही.

अक्का माझी मोठी बहीण. धुळ्यात देवपुरात राहते, एकटी. मुलींच्या शाळेत तिने नोकरीभर विज्ञान शिकवलं. मी मॅट्रिकनंतर शिवणकाम धरलं, आजही मेहरूणला माझं ब्लाउज-ड्रेसचं दुकान आहे. पण न्यूटनचा तिसरा नियम मला पाठ आहे, कारण लग्नाआधी अक्का पाठाची तयारी माझ्यासमोर करायची. फुगा फुगवायची, तोंड न बांधता सोडून द्यायची. फुगा खोलीभर सैरावैरा फिरून चुलीमागे पडायचा. वर्गातही हेच. मुली हसायच्या, फुगा पुन्हा मागायच्या आणि एखादी विचारायची, बाई, खरं रॉकेट कधी दाखवणार? अक्का म्हणायची, दाखवेन एकदा. असं म्हणत म्हणत ती निवृत्त झाली. फळ्यावर तिने रॉकेटं काढली ती पाहावीत; एकही जमिनीवरून हललं नाही.

त्यांतलीच एक विद्यार्थिनी, वैशाली, आता बंगळुरूला नोकरी करते. तिने बाईंना वाढदिवसाला एक खोका पाठवला. खोक्यात छंद म्हणून उडवायचं रॉकेट होतं, सुटं सुटं, आपण जोडायचं. पुठ्ठ्याची गुळगुळीत नळी, प्लॅस्टिकचं टोकदार नाक, बाल्सा लाकडाच्या इतक्या हलक्या फळ्या की हातात आहेत की नाहीत कळू नये, एक घडी घातलेलं पातळ पॅराशूट आणि एका डबीत इंजिनं. इंजिनं म्हणजे करंगळीहून जरा जाड अशा दोन कांड्या. दोनच. अक्काने फोन करून मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, अक्का, तब्येत बरी आहे ना? ती म्हणाली, मंदे, ताबडतोब ये आणि येताना तुझी बारीक कात्री आण.

मी गेले. त्या हिवाळ्यात मी धुळ्याला जितकी गेले तितकी माहेर शाबूत असतानाही गेले नव्हते. एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत जायचं, अक्काच्या घराचं दार ढकलायचं की फेव्हिकॉलचा वास यायचा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर अक्का पंखाच्या फळीला पॉलिश पेपर घासत बसलेली. रॉकेटच्या बुडाला लावायचे ते तीन पंख. कडा गोल झाल्या पाहिजेत, हवा अडता कामा नये. घासायची, डोळ्याजवळ न्यायची, बोट फिरवायची, परत घासायची. तिच्या चष्म्यावर, केसांवर, चहाच्या कपातसुद्धा तो पांढरा भुगा. चहा मी तसाच प्यायले. पंख चिकटवल्यावर नळी उभी धरायची आणि गोंद वाळेपर्यंत हात हलवायचा नाही. ते काम माझ्याकडे. नाकाला खाज सुटली तरी अक्का हलू देत नसे. शाळेतल्या पोरींचं काय होत असेल याची मला कल्पना आली. आता वाटतं, दोघी बहिणी एका टेबलाला इतका वेळ लागून त्याआधी कधी बसलो होतो? बहुधा माझ्या लग्नातले लाडू वळताना.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्या वर्षी गणपतीत अक्का न्हाणीघरात घसरून पडली होती. मनगट मोडलं. शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत ती तशीच बसून होती. तिचा मुलगा पराग पुण्याला इंजिनिअर आहे, सून आहे, मोठा फ्लॅट आहे. तो रात्रीत आला, प्लास्टर होईपर्यंत थांबला आणि तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला. धुळ्याचं घर विकू, तू पुण्याला चल. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आई न्हाणीघरात पडलेली आहे आणि आपण तिथे नाही, हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की निघत नाही. पण अक्काला देवपूर सोडायचं नव्हतं. तिच्या ओळखीचा दूधवाला, रस्त्यात वाकून नमस्कार करणाऱ्या विद्यार्थिनी, पांझरेच्या काठची सकाळची फेरी. पुण्याच्या अकराव्या मजल्यावर तिला कोण बाई म्हणणार होतं?

दिवाळीला पराग आला तेव्हा मी तिथेच होते. घराला गिऱ्हाईक बघून ठेवलंय असं तो सांगत होता आणि अक्का नळीला रंग लावत होती. शेवटी तो चिडला. म्हणाला, या वयात हे काय चाललंय तुझं, पडायला एवढं एक कारण कमी होतं का? अक्काने ब्रश ठेवला. आमच्या घरात राग अनावर झाला की प्रमाण मराठी संपते.

“माले कोठेच जानं नही,” ती म्हणाली. मग श्वास घेऊन, बाईंच्या आवाजात, “तुला भीती आहे ना मी पडेन याची? ठीक आहे. आपण पैज लावू. भरताच्या दिवशी हे रॉकेट मंदाच्या शेतात उडवीन. वर जाऊन धड खाली आलं, एक ओरखडा न उठता, तर मी धुळ्यातच राहीन आणि तू घराचा विषय काढायचा नाहीस. मोडलं तर त्याच दिवशी तुझ्या गाडीत बसते.”

पराग हसला. मला म्हणाला, मावशी, तू साक्षीदार. अक्का पैजेला पक्की आहे हे त्याला माहीत होतं. लहानपणी अभ्यासाच्या पुष्कळ पैजा तो हरला होता. त्याने हात पुढे केला, अक्काने रंगाचा हात त्याच्या हातात दिला आणि तो लाल डाग घेऊनच तो पुण्याला गेला. मला त्या रात्री झोप लागली नाही. पुठ्ठ्याच्या नळीवर कोणी घर लावतं का?

भरताच्या आधी एकदा उडवून बघायचं ठरलं. अक्का रॉकेट घेऊन एस.टी.ने एरंडोलला आली. टॉवेलात गुंडाळून मांडीवर आडवं धरलेलं. शेजारच्या बाईंनी पदर सावरत विचारलं, बाळ किती महिन्यांचं? अक्का म्हणाली, रॉकेट आहे. मग पारोळ्यापर्यंत निम्म्या गाडीला न्यूटनचा तिसरा नियम ऐकावा लागला. कंडक्टरने शंका विचारली, हे तिने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

पद्मालयाच्या रस्त्याला आमचं शेत आहे. तिथल्या खोलीत तेव्हा छतापर्यंत कापूस भरलेला होता. भाव चढेल म्हणून आमचे हे दरवर्षी तो घरात कोंडून ठेवतात आणि दरवर्षी त्याच्यावर पाठ टेकून झोपतात. आम्ही रॉकेटची जुळवाजुळव करत होतो, तोवर यांनी चहाची चूल पेटवायला घेतली. काड्या दवाने ओल्या. आमच्या खोक्यातून यांनी पातळ कागदाचे चौकोनी तुकडे उचलले आणि चुलीत घातले. काडीमागून काडी ओढली. “कसले कागद शेतस हाई, पेटतच नहीत,” असं पुटपुटत यांनी ते काळे झालेले तुकडे बांधापलीकडे भिरकावून दिले. ते वाक्य आम्ही तिघांनी ऐकलं आणि तिघांनीही सोडून दिलं.

अक्काच्या लक्षात आलं ते पॅराशूट भरायच्या वेळी. रॉकेट वर पोचलं की इंजिन उलट्या बाजूने एक गरम फुंकर मारतं. त्या फुंकरीने नाक निघतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. फुंकर आणि पॅराशूट यांच्या मध्ये काहीतरी कोंबावं लागतं, नाहीतर पॅराशूट भाजेल. त्यासाठीच ते न पेटणारे कागद होते. अक्काचा चेहरा उतरला. ऊन वर चढत होतं, वारा सुटायची वेळ होत आली होती.

“कागद कशाले पाहिजे?” हे म्हणाले. “इतला कापूस शे ना.” आणि खोलीतून मूठभर घेऊन आले. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा, ह्यांच्या घामाचा. कापसाच्या मुलखात कोंबायला कापसासारखी वस्तू कुठली? उशीत कापूस, गादीत कापूस, जखमेवर कापूस. अक्का क्षणभर थांबली, पण ह्यांनी इतक्या प्रेमाने दिला होता की तिने घेतला.

वर मात्र सुरेख गेलं. अक्काने लांबून वायरचं बटण दाबलं, फुस्स झालं आणि जिथे रॉकेट होतं तिथे नुसता धूर. माझ्या तोंडून आईला हाक मारली गेली. पार वरती फट् असा आवाज झाला आणि आम्ही तिघं पॅराशूटची वाट बघत राहिलो. पॅराशूट आलं नाही. एक काळा धागा धूर सोडत खाली आला, त्याच्यापुढे रॉकेट, नाक सुटलेलं, आणि नांगरलेल्या वावरात खच्चकन रुतलं. जवळ जाऊन बघतो तर नळीचं तोंड चेपलेलं, पॅराशूटचा वितळून सुपारीएवढा गोळा झालेला आणि आत कापूस अजून धुमसतोय.

अक्का बांधावर बसली. चेपलेली नळी मांडीवर घेतली. मग म्हणाली, “जन्मभर देवापुढे कापसाची वात लावली मंदे, आणि रॉकेटच्या पोटातही मी वातच घातली.” आमचे हे इतके खजील झाले होते की चहा निवला तरी त्यांनी कप उचलला नाही. आपला कापूस जळतो ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी तोंडावर सांगत नाही.

माझ्या घरी आल्यावर अक्काने स्वतःहून परागला फोन केला. लपवायचं तिच्या स्वभावात नाही. तो म्हणाला, चला, म्हणजे सामान बांधायला घे. मग थोडा थांबला आणि त्याने विचारलं, किती उंच गेलं गं? बाभळीच्या वर? अक्का म्हणाली, बाभूळ काय घेऊन बसलास, घारी खाली होत्या. त्याने पुन्हा विचारलं, घारी खरंच खाली होत्या? त्या प्रश्नाचा अर्थ माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवा होता.

डबीत एकच इंजिन उरलं होतं. नवी मागवायला सवड नव्हती. मला वाटलं अक्का हात टेकणार. पण माझ्या बहिणीला मी साठी उलटेपर्यंत नीट ओळखलं नव्हतं असंच म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वहीच्या कागदाचा द्रोण केला, त्यात पाणी ओतलं आणि चिमट्यात धरून गॅसवर ठेवला. पाणी गरम झालं, वाफ आली, कागद शाबूत. हा प्रयोग तिने वर्गात किती वेळा केला असेल. द्रोणाकडे बघत ती म्हणाली, पाणी आहे तोवर कागद पेटत नाही. म्हणजे मला कोरडं काही नकोच आहे, मंदे. ज्याच्या अंगात पाणी आहे, पण जे हाताला ओलं लागत नाही, असं काही हवंय.

तेव्हा टेबलावर आदल्या रात्रीचं उरलेलं भरीत होतं, शेजारणीने केळीच्या पानात बांधून दिलेलं. कढत कढत बांधलं होतं, पान जरा काळवंडलं होतं, बाकी जिथल्या तिथे. आम्ही दोघींनी एकदमच त्या पानाकडे पाहिलं. सगळ्या जळगाव जिल्ह्यात केळीच्या पानाला काय तोटा? अक्काने हिरव्या पानाचा तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेला. तडतडलं, सुरकुतलं, ज्योत काही धरली नाही. अक्का त्या सुरकुतलेल्या पानाकडे अशी बघत होती, जशी वर्गात कधी न बोलणारी पोरगी बरोबर उत्तर देते तेव्हा बघत असेल.

पॅराशूटचं काम माझं. केळीच्या घडाला डाग पडू नयेत म्हणून शेतकरी एक पांढरी झिरझिरीत पिशवी घालतात, कापडासारखी, पण फुंकरीने उडेल अशी. शेजारच्या वावरातून ह्यांनी एक कोरी पिशवी मागून आणली. मी ती गोल कापली, कडेला दुमड घातली आणि नायलॉनचे दोरे टाकले. आयुष्यात मी हजारो ब्लाउज शिवले असतील. एकाही बाईच्या मापाला इतकी जपले नाही. मशीन चालवताना मनात सारखं येत होतं, माझी एक शिवण उसवली तर अक्का पुण्याला जाईल. जाईल म्हणजे काय मरणार नव्हती. सुखात राहिली असती. पण मग धुळ्याची एस.टी. मी कशासाठी पकडायची?

चेपलेलं तोंड कापून नळी थोडी आखूड झाली. तोल बिघडला नाही ना हे बघायला अक्काने रॉकेटला कमरेत दोरी बांधली आणि धुळ्याच्या घराच्या गच्चीवर उभी राहून डोक्याभोवती गोफणीसारखं गरागरा फिरवलं. नाक पुढे धरून फिरलं तर तोल बरोबर. देवपुरातल्या गच्च्या माणसांनी भरून गेल्या. एवढं करून ती खाली आली तेव्हा तिच्या छातीचा भाता झाला होता, पण मोडलेल्या मनगटाला काही झालं नव्हतं आणि नाक पुढेच राहिलं होतं.

भरताचा दिवस उजाडला. पराग सकाळीच गाडी घेऊन शेतावर आला. गाडीची डिकी रिकामी ठेवली होती, आईच्या बॅगा मावाव्यात म्हणून. ते त्याने सांगितलं नाही, मीच बघितलं. आमच्या ह्यांनी गावच्या पोलीस पाटलांनाही सांगून ठेवलं होतं, उगाच कोणी भलतं समजू नये. पाटील बंदोबस्ताला म्हणून आले आणि वांगी सोलायला बसले. काड्यांचा जाळ, भाजलेल्या सालीचा तो गोड-करपट वास, बडगीत मुसळाचे धबधब ठोके. त्या सगळ्याच्या पलीकडे, रिकाम्या वावराच्या मधोमध, एका सळईवर अक्काचं रॉकेट उभं होतं. लाल, तीन पंखांचं, पोटात केळीचं पान आणि केळीचीच पिशवी.

आम्ही सगळे लांब उभे राहिलो. अक्काच्या हातात बटण. तिने तीन, दोन, एक म्हणून दाबलं. काही झालं नाही. पाटलांच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. परागने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. अक्का म्हणाली, कोणी हलू नका, आणि चुकून पेटू नये म्हणून तिने बटणाची किल्ली काढून पदराला बांधली. आम्हाला थांबवून ठेवलं, मग एकटी चालत गेली. ढेकळांतून, पऱ्हाटीचे खुंट चुकवत, सावकाश. पराग एक पाऊल पुढे झाला. मी त्याचा दंड धरला. रॉकेटच्या बुडाशी वायरचा चिमटा निसटला होता. तो तिने वाकून लावला, तशीच सावकाश परत आली आणि एकदाही घसरली नाही. मला वाटतं पैज खरी तिथेच लागली होती.

मग तिने किल्ली लावून पुन्हा बटण दाबलं.

ते गेलं. असं गेलं की भरीत ठेचणारे हात थांबले. धुराची एक पांढरी रेघ वावरातून निघाली आणि आकाशात शिरली. शेजारच्या शेतातले बगळे उठले. लाल ठिपका बारीक झाला, अजून बारीक झाला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिणीचा फळा खरा झालेला पाहिला. मला रडू आलं, स्पष्टच सांगते. वर फट् असा आवाज झाला. नाक निघालेलं रॉकेट गिरकी घेऊन खाली यायला लागलं, एक वेळ वाटलं की झालं, आणि पांढरी पिशवी एका झटक्यात उघडली. केळीच्या घडावरची ती पिशवी खानदेशच्या निळ्या आकाशात अशी फुलली की आमचे हे टाळ्या वाजवत सुटले. त्यांच्या अहिराणी शिव्यासुद्धा त्या वेळी आशीर्वादासारख्या ऐकू येत होत्या.

पण वर वारा होता. खाली पान हलत नव्हतं आणि वर वारा रॉकेटला ओढत होता, सरळ विहिरीकडे. आमची विहीर मोठी, बिनकठड्याची, पाण्याने भरलेली. पुठ्ठ्याची नळी एकदा पाण्यात पडली की तिचा लगदा. अक्काने ते पाहिलं आणि हातातलं बटण खाली ठेवलं. 

माझ्या हातातला दंड सुटला. पराग धावत होता. इस्त्रीची पँट, पुण्याचे बूट, मान वर, तोंड उघडं. ढेकळात ठेचकाळला, सावरला, पुन्हा धावला. मी ओरडले, अरे विहीर आहे. त्याला ऐकू गेलं नाही. रॉकेट डावीकडे झुकलं की तो डावीकडे, थांबलं की तो थांबायचा, परत पुढे. विहिरीच्या अलीकडे, जेमतेम अलीकडे, त्याने दोन्ही हात ओंजळीसारखे वर केले आणि ते लाल रॉकेट अलगद त्याच्या हातात आलं. पांढरी पिशवी त्याच्या डोक्यावर पसरली.

तो तसाच उभा राहिला. पिशवी डोळ्यांवरून बाजूला केली, नळी फिरवून बघितली, पंख एकेक बोटाने चाचपले. मग आमच्याकडे तोंड करून ओरडला. पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडून मी अहिराणीचा शब्द ऐकला नव्हता.

“बठ्ठं शाबूत शे, माय.”

भरीत त्या दिवशी तिखट झालं होतं. जो तो नाक ओढत खात होता, त्यामुळे कोणाचे डोळे कशाने भरले होते याची कोणी चौकशी केली नाही. पराग अक्काच्या शेजारी मांडी घालून बसला होता, रॉकेट मांडीवर. पान अर्धं झाल्यावर अक्काने त्याला हळूच विचारलं, विहिरीत गेलं असतं तर तू जिंकला असतास, मग धावलास कशाला? त्याने पुरीचा तुकडा मोडला.

“पडू कसं देणार होतो?” तो म्हणाला.

अक्काने त्याच्या पानावर स्वतःच्या पानातलं भरीत वाढलं. दुसऱ्या दिवशी पराग रिकाम्या डिकीची गाडी घेऊन पुण्याला गेला, पण आधी धुळ्याला थांबला. न्हाणीघरात, संडासात, जिन्याला, जिथे जिथे हात जाईल तिथे त्याने स्टीलचे दांडे बसवून घेतले, आणि प्रत्येकाला स्वतः लोंबकळून पाहिलं. घराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. फक्त रोज सकाळी फोन करतो. ते पैजेत नव्हतं.

अक्काचं ते रॉकेट तिच्या बाहेरच्या खोलीत दारासमोरच ठेवलेलं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते पाहावंच लागतं. संध्याकाळी गल्लीतल्या मुली येतात, त्यांना ती फुगा सोडून दाखवते आणि मग रॉकेटकडे बोट करते.

वांगी घेऊन घरी आले तर तिचा फोन. आणखी मोठं रॉकेट आलंय म्हणे, ह्या वेळी परागनेच मागवलंय आणि जोडायला तो स्वतः सुट्टी काढून येणार आहे. त्याने विचारलं होतं, आई, यंदा पैज कशावर? मी पण तेच विचारलं.

“यंदा पैज नाही,” अक्का म्हणाली. “यंदा नुसतं उडवायचं. तू पिशवी कापायला घे.”